टाइमकीपरची वार्ता

ते पास झाले होते.

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मंडळातल्या मित्रांना नाही, आणि ज्यांना पहिल्यांदा सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आज लिहून टाकतो. लिहायला बसल्यावर तीनदा उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. आता उठणार नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलेलं आहे. आठवतंय का, समोर माणूस दिसला की ते आधी शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढायचे, मग पेनाचं टोपण दातात धरायचे, आणि टोपण धरलेल्या तोंडानेच विचारायचे, "काय विशेष?" ऐकणाऱ्याला कळायला एक क्षण लागायचा. कळेपर्यंत त्यांनी वर तारीख टाकलेली असायची.

हैदराबादेत गौलीगुड्याच्या बसस्थानकावर ते टाइमकीपर होते. नांदेड, उदगीर, लातूर, उमरग्याच्या गाड्या त्यांच्या केबिनसमोर लागायच्या. आमच्या विद्यापीठाच्या मराठी विभागातून शिकून गेलेली बहुतेक मंडळी त्याच बाजूची. सणाला, लग्नाला, आईच्या दुखण्याला गावी जायचं तर त्या केबिनसमोरून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आमच्या माजी विद्यार्थी मंडळाचं चार पानी वार्तापत्र वर्षातून दोनदा निघतं, त्यातलं 'वार्ता आणि यश' हे सदर या माणसाने बावीस वर्षं त्या केबिनच्या खिडकीतून चालवलं.

"उदगीरला सात मिनिटं आहेत. तेवढ्यात काय विशेष ते सांगा."

"काही नाही हो, चाललंय आपलं."

"चाललंय ते दिसतंय मला. तिकीट काढलंय तुम्ही. विशेष सांगा."

"मुलगी बँकेत लागली."

"कायम का टेंपररी?"

समोरचा जरा घुटमळायचा. "सध्या टेंपररी."

"मग कायम झाली की याच गाडीला भेटा," म्हणून डायरी बंद. वर शिटी वाजवून गाडी सोडायचे. बातमीसाठी गाडी एक मिनिटही थांबवल्याचं कुणी सांगणार नाही.

न झालेली गोष्ट ते छापत नसत. त्यांचा हट्ट एवढाच होता, पण या एका हट्टाने त्यांनी बरीच माणसं दुखावली. बरकतपुऱ्यातल्या एका गृहस्थांनी कळवलं, 'चिरंजीव अमेरिकेत मॅनेजर.' यांनी चिरंजिवांनाच फोन लावला. मुलगा सरळ होता, म्हणाला, "काका, पेट्रोल पंपावर आहे." वार्तापत्रात छापून आलं, 'अमेरिकेत पेट्रोल पंपाचे मॅनेजर.' गृहस्थ बसस्थानकावर भांडायला गेले. हे शांतपणे म्हणाले, "ह्यात वाईट काय आहे? मी पण गाड्याच बघतो."

पुढे पुण्या-मुंबईकडून आयटीतली पोरं हैदराबादेत आली, त्यातली काही आमच्या विभागातल्या जुन्या लोकांची मुलं-सुना. वार्तापत्र व्हॉट्सॅपवर जायला लागलं. एका सुनेने उत्तर पाठवलं, "अंकल, मराठी वाचायला खूप स्लो होतं, व्हॉइस नोट पाठवाल का प्लीज?" झालं. तेव्हापासून ते प्रत्येक अंक घरी बसून वाचून ध्वनिमुद्रित करायचे, एकेक वार्ता वेगळी, पूर्णविरामाला थांबून. मधेच त्यांच्या बायकोचा आवाज यायचा, "भात गार होतोय." तोसुद्धा तसाच सगळ्यांना जायचा. आम्ही कार्यकारिणीत ते लावून हसायचो. मी सगळ्यांत मोठ्याने.

कारण आम्ही त्यांना पाठीमागे टाइमकीपर म्हणायचो. कुणी प्राध्यापक, कुणी अधिकारी, कुणी दुकानदार, पण सगळे एम.ए.च्या बिल्ल्याचे. हेही आमच्यातलेच, पण बस सोडणारे. कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "आणि तुमचं काय विशेष?" ते म्हणायचे, "माझी गाडी वेळेवर आहे." स्वतःविषयी याच्या पुढे एक अक्षर नाही. मला ते 'बापू' म्हणायचे. त्यांच्यापेक्षा लहान असलेले सगळेच बापू.

मंडळाला पन्नास वर्षं होणार म्हणून सगळ्या माजी विद्यार्थ्यांची परिचयसूची काढायचं ठरलं. नाव, पदवी, साल, सध्या काय करता. काम अर्थात त्यांच्या गळ्यात. तेव्हा ते निवृत्त होऊन नल्लकुंट्यात राहत होते. आठ महिने फोन, पोस्टकार्डं, रिक्षाने फेऱ्या. वारलेल्यांच्या घरी जाऊन मुलांकडून साल विचारून आणत. मी मंडळाचा सचिव होतो. एरवी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरी.

मी पन्नाशी ओलांडल्यावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला होता. सादर झाला होता, तोंडी परीक्षा बाकी होती. मला सूचीत नावामागे 'डॉ.' हवं होतं. कशाला, तर माझ्या वर्गातल्या चार जणांच्या मागे ते होतं. याहून मोठं कारण मला आजही सापडत नाही.

"छापून टाका हो. चार-सहा महिन्यांत होणारच आहे."

"मग चार-सहा महिन्यांनी छापू की, बापू."

"सूची काय दर वर्षी निघणार आहे?"

"त्याला मी काय करू? झालं नाही ते कसं लिहू?"

"अहो, मी परीक्षा विभागात आहे. मला माहीत नाही का?"

"म्हणून तर," ते म्हणाले. "तुम्हाला तर माहीतच आहे की अजून झालं नाही." आणि हसले. वाईट हसणं नव्हतं ते. सूचीच्या मुद्रितात माझ्या नावापुढे आलं, 'प्रबंध सादर.' कार्यकारिणीत एकाने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "हौ, म्हणजे गाडी फलाटाला लागली, सुटली नाही अजून!" सगळे हसले. तेसुद्धा हसले.

त्याच दिवशी मुद्रितं चाळताना माझ्या लक्षात आलं की सबंध सूचीत एकाच नावापुढे पदवी आणि सालाची जागा कोरी आहे. त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी अभिलेख कक्षाची किल्ली घेतली. जुनी रजिस्टरं लाल कापडाच्या बांधणीची, एकेक उचलायला दोन हात लागतात. त्यांचं साल अंदाजाने काढलं, तासाभरात ओळ सापडली. दोन वर्षांच्या बाकी सगळ्या पेपरांत उत्तीर्ण, शेवटच्या वर्षाच्या एका पेपरात पाच गुणांनी नापास. माझ्या छातीत जे काही झालं त्याला आनंद हेच नाव आहे. दुसरं नाव देऊन मी आता स्वतःला सोडवणार नाही.

त्या ओळीच्या टोकाला लाल पेन्सिलीची बारीक खूण होती. परीक्षा विभागात नवीन लागलेल्या कारकुनालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात: लाल खूण दिसली की पान उलटायचं. फेरतपासणीत गुण बदलले तर मूळ आकडा खोडत नसत, पानाच्या मागे चिठ्ठी डकवत. मी पान उलटलं. चिठ्ठी होती. त्या पेपरात सहा गुण वाढलेले, निकाल उत्तीर्ण, द्वितीय श्रेणी, खाली अधीक्षकांची सही. चिठ्ठीला टाचणीने लावलेलं एक बंद पाकीट होतं, गौलीगुड्याच्या एका खोलीच्या पत्त्यावर पाठवलेलं आणि परत आलेलं. पोस्टमनने वर लिहिलं होतं, 'इसम खोली सोडून गेला.' नोकरी लागली तेव्हा त्यांनी खोली बदलली होती, एवढीच गोष्ट. त्यानंतर ते पाकीट इतकी वर्षं तिथेच.

मी पान पुन्हा सरळ केलं आणि मोबाइलने समोरच्या बाजूचा फोटो काढला. फोटो काढताना माझा डावा अंगठा त्या लाल खुणेवर होता. पान उडू नये म्हणून ठेवला, असं मी स्वतःला सांगितलं. कक्षात पंखासुद्धा नव्हता.

आता सत्काराचा दिवस. संध्याकाळचे पाच. सभागृह भरलेलं, मागे बिर्याणीची डेगची आणि त्याच्याच शेजारी श्रीखंड, आपल्या लोकांचं असंच असतं. सूचीचं प्रकाशन आणि त्यानंतर बावीस वर्षांच्या कामासाठी त्यांचा सत्कार. ते पांढऱ्या शर्टात आले होते, खिशात डायरी होतीच. पहिल्या रांगेत त्यांची बायको आणि मुलगी. बायकोने केसांत अबोलीचा गजरा घातला होता. मंडळाच्या कार्यक्रमाला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

मानपत्र वाचायचं काम माझं. दोन परिच्छेद वाचले. मग कागद खाली ठेवला आणि माइकवर, हसत हसत, जणू आत्ताच सुचलं अशा सुरात म्हणालो, "आपल्या सूचीत सहाशेच्या वर नावं आहेत. प्रत्येकापुढे पदवी आहे, साल आहे. एकच रकाना कोरा आहे. ज्यांनी सगळ्यांचं खरं-खोटं केलं, त्यांचाच. हे कसं काय राहिलं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "टायमिंग चुकलं असेल!" हशा पिकला.

ते उठून उभे राहिले. मला वाटलं होतं काहीतरी थाप मारतील, आणि मग मी अध्यक्षांना फोटो दाखवीन. त्यांनी मला तेवढीही संधी दिली नाही.

"एक पेपर राहिला माझा," ते म्हणाले.

"राहिला म्हणजे?" मी विचारलं. मी विचारलं, हे नीट वाचा. तिथे थांबता आलं असतं.

"नापास."

अध्यक्षांनी सावरायला म्हणून म्हटलं, "असू दे, असू दे, आपण हितचिंतक म्हणून सत्कार करू." मंडळाच्या घटनेत सभासद म्हणजे पदवी घेतलेली व्यक्ती, हे त्यांना तेवढ्यात मीच कानात सांगितलं होतं. शाल घातली गेली. हितचिंतक म्हणून. मी पहिल्या रांगेकडे बघितलं. त्यांची बायको टाळ्या वाजवत नव्हती, रडतही नव्हती. नवऱ्याकडे बघत होती, ओळखीचं घर समजून दार वाजवावं आणि आतून भलताच कुणी यावा, तशी.

जेवायला ते तिघं थांबले नाहीत.

चार महिन्यांनी माझी तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली. त्या रविवारी सकाळी दहा वाजता दारात ते उभे. हातात बिस्किटांचा पुडा, उस्मानिया, आपल्याकडची.

"अभिनंदन, साहेब," म्हणाले. बापू नाही. साहेब.

बसले. डायरी काढली, टोपण दातात धरलं, प्रबंधाचं नाव, मार्गदर्शकांचं नाव, तोंडी परीक्षेची तारीख विचारून घेतली. माझं यश त्यांनी माझ्यासमोर त्यांच्या अक्षरात लिहिलं, नावामागे 'डॉ.' लावून. "आता बिनधास्त छापता येईल," म्हणाले. बायकोने चहा आणला. तो बशीत ओतून प्यायले आणि बशी ठेवल्यावर म्हणाले, "एक काम होतं, साहेब. नाही म्हणालात तरी चालेल."

"बोला ना."

"आमच्या लग्नाच्या पत्रिकेत वडिलांनी एम.ए. छापलं होतं. निकाल लागायचा होता, त्यांना वाटलं लागेलच. मी ते खोडायला लावलं नाही. तिला पण कधी सांगितलं नाही. लोकांचं छापताना मी एवढा का नडायचो, ते आता तुम्हाला कळलं असेल." ते थोडं हसले. "त्या दिवसापासून ती घरात बोलते सगळं. वाढते, दवापाणी देते. पण एकदा म्हणाली, चाळीस वर्षं मी कुणाशी संसार केला? त्याच्यावर मी काय बोलू?"

मी बिस्किटांचा पुडा उघडला.

"मी रीव्हॅल्युएशन टाकलं होतं, साहेब. फी भरल्याची पावती पण होती, पुरात गेली. उत्तर काही आलं नाही. नापासच असणार मी, ते कळतं मला. पण तुम्ही तिथेच आहात, म्हणून वाटलं... एकदा बघता का? नापास तर नापास. पण बघितलं, एवढं तिला सांगता येईल."

इथे, वाचकहो, मला फक्त 'बघतो' म्हणायचं होतं. सोमवारी गेलो असतो, 'सापडलं' म्हणालो असतो, पाकीट आणून दिलं असतं. चांगुलपणाचं श्रेयही मलाच मिळालं असतं. पण माझ्या डोक्यात एकच आलं: हा माणूस प्रत्येक गोष्टीचं खरं-खोटं करतो. हा विचारणार, कधी सापडलं? कुठल्या पानावर? मग तुम्ही त्या दिवशी माइकवर जे बोललात ते कशावरून?

मी म्हणालो, "तेवढी जुनी रजिस्टरं आता कुठली? वाळवीने खाल्ली सगळी."

"सगळी?"

"हो, तुमच्या सालाची सगळीच."

त्यांनी मान हलवली. "हौ. वाळवीला काय, पास-नापास सारखंच." मग डायरीत काहीतरी लिहायला गेले, लिहिलं नाही, पेनाला टोपण लावलं. दारात चपला घालताना परत म्हणाले, "परेशान केलं तुम्हाला रविवारचं."

त्यानंतरही त्यांच्या वार्ता यायच्या, पोस्टाने, चिठ्ठ्यांवर. अमक्याच्या मुलीला शिष्यवृत्ती, तमक्याचं वाचनालय सुरू. खाली सहीच्या जागी 'एक हितचिंतक' लिहायचे. मी ते खोडून त्यांचं नाव घातलं नाही. उलट तसंच छापलं, आणि कार्यकारिणीत कुणी काही विचारलं नाही.

ते गेल्या हिवाळ्यात वारले. हृदयविकार. भाजी आणायला निघाले होते, जिन्यातच बसले. मला फोन त्यांच्या मुलीचा आला. ती रडत नव्हती, कामात होती, जसं मुलींना अशा वेळी राहावं लागतं.

"काका, वार्तापत्रात बाबांचं देताय ना?"

"देणारच."

"नावापुढे काय लिहायचं? आई म्हणते, तिकडच्या लोकांना विचार. म्हणजे... ते मंडळाचे कोण होते?"

पाकीट तेव्हाही तिथेच होतं, मी जिथे बसलो होतो तिथून दोन मजले खाली. मुलगी वाट बघत होती. फोनमध्ये मागे भांड्यांचा आवाज येत होता, आणि कुणीतरी बाई हळू आवाजात विचारत होती, "काय म्हणाले?"

"नुसतं नाव लिहा," मी म्हणालो.

"नुसतं नाव," तिने मागे वळून सांगितलं.

तसंच छापलं. दोन ओळी, चौकटीत.

पुढच्या महिन्यात मी अभिलेख कक्षात गेलो आणि ते पाकीट काढून घेतलं. सरकारी कागद घरी आणणं गुन्हा आहे, पण माझ्या गुन्ह्यांच्या यादीत तो शेवटचा. पाकीट उघडलेलं नाही. ते उघडायचा हक्क एका बाईचा आहे आणि ती माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर राहते. मी दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो. एकदा त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मला ओळखलं, वरूनच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब ना? या की." मी घड्याळ दाखवलं, घाई आहे अशी खूण केली आणि पुढे गेलो.

आणि हे सगळं लिहूनही मी इथे त्यांचं नाव लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही त्यांना ओळखालच, पण नाव लिहिलं असतं तर कुणीतरी वार्तापत्राचा हा अंक पहिला त्यांच्याच घरी नेऊन दिला असता. त्यांच्या बायकोला हे छापील कागदावरून कळू नये, माझ्या तोंडून कळावं, असं कारण मी स्वतःला दिलं आहे. ते खरंही आहे. भीती वाटते, हे त्याहून खरं आहे.

तेव्हा माझ्याकडे बाकी आहे ते असं: त्या जिन्याने वर जाणं, त्यांच्या बायकोसमोर बसणं, आणि तुमचा नवरा तुमच्याशी खोटं बोलला नव्हता, खोटं मी बोललो, एकदा नाही तीनदा, हे त्यांच्या तोंडाकडे बघून सांगणं. ते मी अजून केलेलं नाही.